नऊ गोल खाल्लेल्या पोराच्या बाजूने

आज सकाळी चौकात चहा पीत होतो. शेजारी कोणीतरी बोललं, "आपल्या कॉलेजचे पोट्टे खेळाले नाही, गोल मोजाले जातात." सगळे खदाखदा हसले. मी अर्धा कप तसाच ठेवून निघालो. दुपारपर्यंत राग उतरेल म्हटलं, नाही उतरला. म्हणून लिहितो.

हो, यंदा आपल्या फुटबॉल टीमने एकही सामना जिंकला नाही. सातही हरले. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत पहिल्याच फेरीत बाहेर, तेही ९-० ने. त्या नऊ गोलांवर आठ दिवसांपासून गाव हसून राहिलं. पण तो सामना पाहायला गावातून गेलं कोण? मी आणि एका पोराचे बाबा. बस, दोघं.

सामन्याआधी आपला गोलकीपर पायरीवर बसून बोटांना चिकटपट्टी गुंडाळत होता. म्हटलं, काय लागलं रे बाबू? "काही नाही काका, बोंडं टोचले." आदल्या दिवशी अंधार पडेस्तोवर तो मायसोबत कापूस वेचत होता. वाळल्या बोंडाचं टोक नखाच्या कडेला घुसलं की कसं ठणकतं, हे तुम्हाला मी सांगायचं का? सीतादही, म्हणजे वेचणीच्या सुरुवातीची पूजा, झाली की आपल्याकडे घरात कोणीच रिकामं नसतं, आणि स्पर्धा नेमक्या त्याच दिवसांत. वेचणीची मजुरी किलोवर. पोरगा सरावाला गेला की तेवढा पैसा घरात कमी.

त्या दिवशी दहाच जण उतरले. नियमाप्रमाणे सात असले तरी सामना होतो, म्हणून झाला. अकरावा वावरात होता.

सराव कमी पडला, मान्य. दुसऱ्या हाफमध्ये पोरं जागा सोडून बॉलमागे धावली, तेही मान्य. पण सराव करतील कुठे? आपलं मैदान म्हणजे काळी माती. पावसाळ्यात बुटाला किलोभर चिखल, दिवाळीनंतर पाऊल जाईल अशा भेगा. मीही ह्याच मैदानावर खेळलो, थंडी पडली की घोटा अजून दुखतो. वर्षभरात टीमला बॉल मिळाले दोन, त्यातल्या एकाची शिवण उसवलेली. आणि आता ऐकतो की निकाल नाही म्हणून पुढच्या वर्षी फुटबॉलच बंद करायचं चाललंय! अरे, ज्या पिकाला पाणीच दिलं नाही, ते आलं नाही म्हणून वावर विकता का?

नागपुरात कॉलेजात खेळ शिकवणाऱ्या विजय बारसे सरांनी भर पावसात फुटकी बादली लाथाडणारी झोपडपट्टीतली पोरं पाहिली आणि २००१ साली त्यांच्यासाठी फुटबॉलचं काम सुरू केलं. त्यांनी त्या पोरांना आधी निकाल मागितला नव्हता. पुढे बारसे सरांवर 'झुंड' सिनेमा आला, तेव्हा तुमच्यापैकी कितीजणांनी स्टेटस ठेवले होते, मला आठवतं. आपल्या गावातलं तेच पोरगं मात्र तुम्हाला दिसत नाही.

जाऊ द्या. मला भांडायचं नाही. मला त्या सामन्याचा शेवट सांगायचाय.

नऊ गोल झाले होते. पाच मिनिटं उरली असतील. समोरचा एकटा बॉल घेऊन घुसला. २४ फूट रुंद, ८ फूट उंच गोल, आणि मधे हा एकटा. आता कोणासाठी उडी मारायची? तरी मारली. उजव्या हाताची तीच पट्टी बांधलेली बोटं बॉलला लागली, बॉल खांबाच्या बाहेरून गेला. पोरगं तिथेच हात छातीशी धरून बसलं. आम्ही दोघांनी टाळ्या वाजवल्या. दोन माणसांच्या टाळ्या मैदानात किती ऐकू येणार? पण त्याने वळून पाहिलं.

सामना संपल्यावर माझ्याजवळ आला. मला वाटलं रडेल. तर विचारतो, "काका, शेवटची गाडी गेली का? सकाळी पुन्हा वावरात जा लागते."

रविवारी सकाळी सातला मी मैदानावर भेगा बुजवायला जाणार आहे. ट्रॉलीभर माती सांगितली आहे. दोन नवे बॉलही घेतले. सकाळी चौकात जे जे हसले, त्यांनी घरून फावडं घेऊन यावं.