समाधानी बी.एड. कसं व्हावं?

कॉलेजात नॅकची, म्हणजे कॉलेजांना श्रेणी देणाऱ्या संस्थेच्या तपासणीची, तयारी सुरू झाली की तुमच्या मोबाइलवर समाधानाचा फॉर्म येतो. एकवीस प्रश्न. लगेच भरून टाका. हा फॉर्म शिकत असतानाच भरून घेतात, आणि त्यातच शहाणपण आहे. जेवण कसं झालं हे पंगतीतच विचारावं. संसार कसा चाललाय हे विचारायला कोणी फिरकत नाही.

अभ्यासक्रमाबद्दल कुरकुर नको. 2015 पासून बी.एड. एकाऐवजी दोन वर्षांचं झालं, म्हणजे बेकारीतलं एक वर्ष तेवढंच कमी झालं की! शिवाय सूक्ष्म अध्यापन. सहा मिनिटं शिकवा, सहा मिनिटं चुका ऐका, बारा मिनिटं नव्यानं पाठाचं टाचण काढा, मग पुन्हा सहा-सहा. समोर विद्यार्थी म्हणून आपल्याच वर्गातल्या बाया, आठवीत असल्याचं सोंग घेऊन. माझ्या प्रबलन, म्हणजे शाबासकी देण्याच्या, कौशल्याच्या पाठाला मी इतक्यांदा 'शाब्बास' म्हटलं की मागच्या बाकावरची दोन लेकरांची आई खरंच लाजली. त्यानंतर मला स्वतःला कोणी 'शाब्बास' म्हटलेलं नाही, पण ते असो.

टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, पास झालात? प्रमाणपत्र लॅमिनेट करा, आता ते आजन्म वैध आहे. नोकरी लागो न लागो, पात्रता मरेपर्यंत आपली. लहान मुलं आवडतात असं मात्र कुठे बोलू नका. पहिली ते पाचवीसाठी बी.एड. चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट 2023 मध्येच सांगितलंय. मोठ्यांकडे वळा. शिक्षक भरतीची अभियोग्यता चाचणी द्या. पहिली 2017 ला झाली, दुसरी 2023 ला. दोनशे प्रश्न, दोन तास, आणि अभ्यासाला मधली पाच वर्षं! मग भरतीचं सरकारी पोर्टल. त्याचं नावच 'पवित्र', तेव्हा आंघोळ करूनच उघडावं. पावलं तर माध्यमिकला तीन वर्षं शिक्षण सेवक, म्हणजे मानधनावरचा शिक्षक, महिना 18,000 रुपये. संस्थेत 'जागा आहे' असा निरोप आला तर 'किती?' हे फोनवर विचारू नये, समक्ष जावं.

आणि आपण नागपूरकर तर भाग्यवानच. हिवाळी अधिवेशनात यशवंत स्टेडियमजवळ धरणं धरायला लोक कुठून कुठून येतात, थंडीत मंडपात झोपतात. आपण डबा घेऊन जायचं, घोषणा द्यायच्या, अन् संध्याकाळी ट्यूशनच्या वेळेला घरी.

परवा कॉलेजातून मॅडमचा फोन आला. माजी विद्यार्थ्यांची यादी करायची होती.

"काय करून राहिली गं सध्या?"

"नंदनवन कॉलनीत दोन ट्यूशन घेते, मॅडम."

"मग 'शिक्षणक्षेत्रात कार्यरत' लिहिते."

ठेवता ठेवता त्यांनी आनंदाची बातमीही दिली. फॉर्मच्या एकविसाव्या प्रश्नात सुधारणा सुचवायच्या होत्या. तेव्हा काही सुचेना, म्हणून मी लिहिलं होतं, कॅन्टीनच्या पोह्यांवर तर्री जरा जास्त द्यावी.

आता देतात म्हणे.