‘थायलंडकडून शिका’ या फॉरवर्डला उत्तर

हा मजकूर गेले काही आठवडे सगळीकडे फिरतोय. सोसायटीच्या ग्रुपवर पाहिला तेव्हा सोडून दिला होता. परवा तो मामांनी घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, ‘विचार करण्यासारखं आहे.’ मामा बँकेतून निवृत्त झालेले, रोज दोन पेपर वाचणारे. असलं काही ते सहसा पाठवत नाहीत. त्यांच्या ओळीखाली भराभर अंगठे पडले, त्यात पुढच्या निवडणुकीत पहिल्यांदा मत देणाऱ्या माझ्या भाच्यांचेही. म्हणून हे लिहिते आहे.

फॉरवर्ड म्हणतो: २०१४ साली बँकॉकच्या सुशिक्षित मध्यमवर्गाने हातात नुसत्या शिट्ट्या घेऊन, शांततेत, भ्रष्ट सरकार पाडलं. ते सरकार खेड्यातल्या अडाण्यांची मतं विकत घेऊन आलेलं होतं. मग लष्कराने थोडे दिवस कारभार हाती घेऊन घाण साफ केली, आणि आज तिथे स्थैर्य आहे. शेवटी ठळक अक्षरांत तात्पर्य: ‘मतं मोजायची नसतात, तोलायची असतात.’

आधी सोबतचा फोटो बघा. रस्त्यावर तरुण मुलंमुली, डोक्यावर हेल्मेट, आणि मध्ये हवा भरलेली मोठाली पिवळी बदकं. हा २०१४ चा फोटो नाहीच. ही बदकं १७ नोव्हेंबर २०२० ला बँकॉकच्या संसदेबाहेर आली. पोलिसांनी रसायन मिसळलेल्या पाण्याचे फवारे मारले तेव्हा मुलांनी त्याच बदकांची ढाल केली. आणि ती मुलं भांडत कुणाशी होती? २०१४ ला सत्ता बळकावणारे जनरल प्रयुत चान-ओचा यांच्याशी. म्हणजे लष्करी बंडाची आरती ओवाळायला बंडाविरुद्ध मार खाणाऱ्या मुलांचा फोटो लावलाय. ज्याने हे लिहिलं त्याला तिथलं काहीही ठाऊक नाही, हे इथेच कळतं.

आता शिट्ट्या. शिट्ट्या होत्या, गर्दीही प्रचंड होती. पण सरकार त्यांनी पडलं नाही. तेव्हाच्या पंतप्रधान यिंगलक शिनावात्रा यांनी ९ डिसेंबर २०१३ ला स्वतः संसद विसर्जित करून निवडणूक जाहीर केली. संसदीय लोकशाहीत आंदोलकांना यापेक्षा जास्त काय मिळायचं असतं? सरकार नको ना, मग या मैदानात, लोकांना विचारू. आंदोलनाचे नेते सुथेप थाउगसुबान यांना तेच नको होतं. त्यांची मागणी होती ‘आधी सुधारणा, मग निवडणूक’, आणि तोवर न निवडलेल्या ‘जनपरिषदे’च्या हाती कारभार. कारण उघड आहे. सुथेप ज्या डेमोक्रॅट पक्षातून आले, त्याला १९९२ नंतर एकही सार्वत्रिक निवडणूक जिंकता आलेली नव्हती.

मग मतदानाचा दिवस, २ फेब्रुवारी २०१४, उजाडला. डेमोक्रॅट पक्षाचा बहिष्कार होता. दक्षिणेत आंदोलकांनी अर्ज भरण्याच्या जागाच अडवल्या होत्या, त्यामुळे २८ मतदारसंघांत उमेदवारच नव्हते. बँकॉकच्या दिन दाएंग भागात मतदान केंद्रं उघडली नाहीत, तेव्हा लोक ओळखपत्र हातात उंच धरून ‘आम्हाला मत द्यायचंय’ म्हणून ओरडत होते. बँकॉकचेच नागरिक ते. फॉरवर्डमध्ये त्यांना जागा नाही. पुढे २१ मार्चला घटनात्मक न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी ती निवडणूक रद्द केली. कारण काय, तर मतदान देशभर एकाच दिवशी झालं नाही. ज्यांनी अडवलं त्यांच्याच पदरात निकाल पडला. ७ मे रोजी एका अधिकाऱ्याच्या बदलीच्या जुन्या प्रकरणात त्याच न्यायालयाने यिंगलक यांना पदावरून काढलं. २२ मे रोजी प्रयुत यांनी दोन्ही बाजूंच्या नेत्यांना तडजोडीच्या बोलण्यासाठी लष्कराच्या क्लबमध्ये बोलावलं, सरकार राजीनामा देणार नाही असं कळल्यावर सत्ता हाती घेत असल्याचं सांगितलं, आणि चर्चेला आलेल्यांना तिथूनच ताब्यात घेतलं. सरकार पाडलं ते न्यायालयाने आणि सैन्याने. रस्त्यावरच्या आंदोलनाने फक्त त्यांची वाट मोकळी करून दिली.

‘शांततेत’ हा शब्द तर वाचवत नाही. १ फेब्रुवारीला, मतदानाच्या आदल्या दिवशी, लाक सी चौकात आंदोलकांच्या बाजूने एक बुरखाधारी मक्याच्या पोत्यात बंदूक लपवून गोळ्या झाडत होता. त्याचे फोटो जगभर गेले. नंतर त्याच्या कौतुकाचे टी-शर्ट विकले गेले. आंदोलकांवरही हल्ले झाले, बाँब पडले, त्याच महिन्यात लहान मुलं गेली. त्या सहा-सात महिन्यांत पंचवीसच्या वर माणसं मेली. आणि याच सुथेप यांच्याकडे २०१० मध्ये उपपंतप्रधानपद होतं, तेव्हा शिनावात्रा समर्थक लाल शर्टवाल्यांचं आंदोलन मोडायला सैन्य रस्त्यावर उतरलं आणि नव्वदहून जास्त लोक मारले गेले.

हे सगळं एक वेळ इतिहासाचं अज्ञान म्हणून सोडून देता येईल. पण मतांबद्दलचा मुद्दा सोडून देता येत नाही.

‘खेड्यातल्या अडाणी लोकांनी नोटा घेऊन मतं दिली.’ थायलंडच्या खेड्यांत निवडणुकीला पैसे वाटले जातात, हे कुणी नाकारत नाही. प्रश्न एवढाच की निकाल पैशाने लागला का. पासुक फोंगपाइचित या थाई अर्थतज्ज्ञ आणि ख्रिस बेकर हे इतिहासकार, दोघांनी मिळून थायलंडच्या राजकारणावर आयुष्यभर काम केलंय. आंदोलन ऐन भरात असताना, डिसेंबर २०१३ मध्ये, त्यांनी ‘बँकॉक पोस्ट’मध्ये लेख लिहून मतखरेदीचा हा सिद्धांत सरळ धोकादायक मूर्खपणा ठरवला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: एके काळी खासदार कोण झाला याने गावाला काही फरक पडत नसे, तेव्हा पैसा चाले. पुढे गावपातळीवर निवडणुका होऊ लागल्या, आपल्या मताने काय मिळतं आणि काय जातं हे लोकांनी स्वतः पाहिलं. आता पैसे सगळेच पक्ष वाटतात. लोक घेतात आणि मत हव्या त्याला देतात.

निकाल लावून पाहिले तरी हेच दिसतं. २००६ च्या बंडात सेनापतींनी तेव्हाचे पंतप्रधान, यिंगलक यांचे थोरले भाऊ थाकसिन शिनावात्रा यांना हाकललं, त्यांचा पक्ष बरखास्त झाला, नवी राज्यघटना आली, आणि डिसेंबर २००७ ची निवडणूक सेनापतींच्या देखरेखीखाली झाली. तरी थाकसिन यांच्याच माणसांना लोकांनी पुन्हा पहिल्या क्रमांकावर आणलं. २०११ मध्ये सत्तेत डेमोक्रॅट होते, तिजोरी त्यांच्याकडे होती, लष्कर त्यांच्या बाजूला होतं. निकाल काय लागला? यिंगलक यांचा पक्ष २६५, डेमोक्रॅट १५९. पैशाने मतं मिळत असती तर ती सत्तेतल्यांना आधी मिळायला हवी होती.

लोकांनी मत दिलं ते कशासाठी, हे शोधायला फार खोल जावं लागत नाही. थाकसिन २००१ मध्ये सत्तेत आले आणि तीस बाटमध्ये (बाट हे तिथलं चलन) सरकारी दवाखान्यात उपचार मिळू लागले. ज्या घरात मोठं आजारपण म्हणजे सावकाराचं दार, त्या घराने अशा सरकारला मत द्यायचं नाही तर कुणाला? शेतकऱ्यांच्या कर्जवसुलीला स्थगिती मिळाली, प्रत्येक गावाला दहा लाख बाटचा कर्जनिधी मिळाला. ईसान म्हणजे थायलंडचा ईशान्य भाग. देशातली जवळजवळ एक तृतीयांश माणसं तिथे राहतात आणि बँकॉकच्या टॅक्सी चालवायला, इमारती बांधायला तिथूनच येतात. त्यांच्या वाट्याला पहिल्यांदा काही आलं. आपलं हित ओळखून दिलेल्या मताला ‘विकलेलं मत’ कसं म्हणायचं?

आणि ही माणसं थाकसिन यांना बांधलेली होती, असंही नाही. २०२३ मध्ये थाकसिन यांच्या मूळ चियांग माई प्रांतात बहुतेक जागा ‘मूव्ह फॉरवर्ड’ या नव्या पक्षाने घेतल्या, ज्याच्याकडे गावोगावचे दलाल पोसण्याची व्यवस्थाच नव्हती.

माझी आजी, म्हणजे मामांची आई, अंगठाबहाद्दर होती. दर निवडणुकीला नऊवारी नेसून, सकाळी पहिल्या रांगेत. मामाच तिला हात धरून केंद्रापर्यंत न्यायचे. कुणाला मत द्यायचं हे तिने ना आजोबांना विचारलं, ना मामांना. रेशनच्या दुकानात साखर वेळेवर मिळाली का, विहिरीवर मोटर बसली का, यावर तिचं ठरायचं. ‘मतं तोलायची’ झाली तर सगळ्यात आधी तिचंच मत काट्यावरून उतरवलं जाईल. मामांनी ही ओळ पुढे ढकलण्याआधी एवढं तरी मनात आणायला हवं होतं, आणि हे मी त्यांना फोन करूनही सांगितलंय.

एक गोष्ट मात्र कबूल करावी लागते, मला आवडत नसली तरी. शिनावात्रांवरचा राग हवेतून आलेला नव्हता. जानेवारी २००६ मध्ये थाकसिन यांच्या कुटुंबाने आपली दूरसंचार कंपनी सिंगापूर सरकारच्या टेमासेक या गुंतवणूक कंपनीला ७३ अब्ज बाटना विकली आणि त्यावर कर भरला नाही. २००३ च्या त्यांच्या ‘अमली पदार्थविरोधी युद्धा’त दोन हजारांवर माणसं मेली, त्यातली कित्येक त्या धंद्यातली नव्हतीच. यिंगलक यांच्या सरकारने तर १ नोव्हेंबर २०१३ च्या पहाटे, लोक झोपेत असताना, थाकसिन यांना परत आणू शकेल असं माफीचं विधेयक खालच्या सभागृहात मंजूर करून घेतलं. तांदळाची खरेदी योजना फसली, तीही आपल्या करणीने: टनाला १५,००० बाट, बाजारभावापेक्षा कितीतरी जास्त, असा विचार करून की साठा रोखला की जगात भाव चढेल. तो चढला नाही. त्याच सुमारास भारताने बिगरबासमती तांदळाची निर्यात खुली केली आणि २०१२ मध्ये जगातला पहिल्या क्रमांकाचा निर्यातदार आपण झालो. थायलंडची गोदामं भरून राहिली, आणि २०१४ च्या सुरुवातीला ज्या शेतकऱ्यांसाठी योजना होती तेच पैशांसाठी ट्रॅक्टर घेऊन बँकॉककडे निघाले. या सरकारला घरी पाठवायला पुरेशी कारणं होती. पाठवायची तारीखही ठरली होती, २ फेब्रुवारी.

‘लष्कराने थोडे दिवस’ याबद्दल फार लिहायची गरज नाही. बंड मे २०१४ मध्ये, निवडणूक मार्च २०१९ मध्ये. मधल्या काळात पाच किंवा जास्त माणसांनी राजकारणासाठी एकत्र जमणं गुन्हा, निषेध म्हणून तीन बोटं वर करणं अटकेला पुरेसं. नव्या घटनेत २५० नेमलेल्या सिनेटरांना पंतप्रधान निवडताना मत. निवडणुकीनंतर पंतप्रधान कोण? प्रयुतच.

राहिलं स्थैर्य. मे २०२३ मध्ये मूव्ह फॉरवर्डने सर्वांत जास्त, १५१ जागा जिंकल्या. ज्या बँकॉकच्या ‘सुशिक्षित’ मतदाराचे फॉरवर्डमध्ये गोडवे गायलेत, त्याने तिथल्या ३३ पैकी ३२ जागा त्यांना दिल्या. म्हणजे तोललेली मतंसुद्धा त्यांच्याच पारड्यात पडली. नेमलेल्या सिनेटने त्यांच्या नेत्याला, पिता लिमजारोनरात यांना, पंतप्रधान होऊ दिलं नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायालयाने पक्षच बरखास्त केला आणि आठवडाभरात पंतप्रधान स्रेत्था थाविसिन यांनाही काढलं. त्यांच्या जागी थाकसिन यांची मुलगी पेतोंगतार्न आल्या. कंबोडियाचे माजी पंतप्रधान हुन सेन यांच्याशी झालेलं त्यांचं फोनवरचं बोलणं बाहेर फुटलं, जून २०२५ मध्ये बँकॉकच्या व्हिक्टरी मॉन्युमेंटपाशी त्यांच्याविरुद्ध पुन्हा गर्दी जमली, आणि ऑगस्टमध्ये न्यायालयाने त्यांनाही घरी पाठवलं. २००८ पासून थाकसिन यांच्याच गोटाचे पाच पंतप्रधान न्यायालयाच्या निकालाने गेले.

आणि २०२० च्या त्या आंदोलनाचं काय झालं, ज्याचा फोटो इथे चोरलाय? त्याच्या म्होरक्यांमधले एक आर्नोन नामपा. व्यवसायाने वकील, ईसानच्या रोई एत प्रांतातल्या शेतकऱ्याचा मुलगा. राजेशाहीच्या अधिकारांवर जाहीर चर्चा व्हावी, असं ऑगस्ट २०२० मध्ये भर सभेत बोलायचं धाडस त्यांनी केलं. तिथे राजाच्या अवमानाला कलम ११२ खाली एकेका आरोपामागे तीन ते पंधरा वर्षं शिक्षा आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये त्यांना पहिली चार वर्षांची शिक्षा झाली, आणि त्यानंतरच्या खटल्यांतून ती वाढतच गेली.