पहिली झडती कुणाची?

झोप लागत नाहीये, म्हणून लिहायला बसले. लांब झालंय, पण वाचा.

आज सकाळी बारावीला मानवी वस्त्या शिकवत होते. केंद्रित, विखुरलेली, रेषाकृती. म्हटलं, पोरांनो, आणखी एक वस्ती आपल्याच जिल्ह्यात होती, तारेच्या कुंपणातली. इंग्रजांनी १८७१ साली कायदा केला आणि अख्ख्या जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. पुढे तो आपल्याकडेही आला. रोजची हजेरी, बाहेर पडायचं तर पास. सोलापुरात त्या जागेला आजही 'सेटलमेंट' म्हणतात, आपण रिक्षावाल्याला तेच नाव सांगतो. देश १९४७ला सुटला, हा कायदा देशभरातून गेला ३१ ऑगस्ट १९५२ला. पोरं चिडली हो ऐकून. मला बरं वाटलं.

नंतर कायदेविषयक शिबिर. वकीलबाई छान बोलल्या. लोम्ब्रोसो नावाचा इटालियन डॉक्टर कैद्यांच्या कवट्या मोजून 'जन्मजात गुन्हेगार' ओळखायला निघाला होता, हे ऐकून वर्ग हसला. २०१५च्या बाल न्याय कायद्यात अठरापर्यंतचं प्रत्येक मूल निरपराधच धरायचं असतं, हेही त्यांनी सांगितलं. पोरांनी वहीत उतरवून घेतलं.

आणि मधल्या सुट्टीनंतर एका मुलीचे सहलीचे पाचशे रुपये गेले.

कुणी काही बोललं नाही. फक्त माना वळल्या. तिसऱ्या बाकाकडे, पारधी वस्तीवरून येतो त्या पोराकडे. सकाळी चिडलेल्या त्याच माना! आणि तो उठला, दप्तर बाकावर ठेवलं, चेन उघडली आणि म्हणाला, "मॅडम, आधी माझं बघा."

त्याच्या आवाजात राग नव्हता. सवय होती. सतरा वर्षांच्या पोराला ही सवय लागते कुठून?

मला माहितेय कुठून. मी सहावीत असताना माझा कंपास हरवला. मी गुरुजींना सांगितलं, गुरुजींनी कुणालाही न विचारता शेवटी बसणाऱ्या पारध्याच्या पोराची पिशवी फरशीवर उलटी केली. खताच्या गोणीची शिवलेली पिशवी होती ती. आतून निघालं काय, तर अर्धी भाकरी, पाटीवरची पेन्सिल आणि तितराचं एक पीस. ते पीस त्यानं आधी उचललं, भाकरी नंतर.

कंपास संध्याकाळी घरी सापडला, वाकळांच्या घडीत. दुसऱ्या दिवशी गुरुजींना सांगायचं मला धाडस झालं नाही. तोही आला नाही. नंतर कधीच आला नाही.

आज स्टाफरूममध्ये एक सहकारी म्हणाले, "मॅडम, उगाच भावनिक होताय, पैसे शोधायला नकोत का?" नकोत कोण म्हणतंय? त्या पोरीच्या आईनं खुरपून आणलेले पैसे आहेत ते, शोधलेच पाहिजेत. आणि हो, पारध्यांतही चोर असतील. तुमच्या-आमच्या भावकीत नाहीत का? पण आपल्या भावकीतला सापडला तर तो एकटा चोर असतो. त्यांच्यातला न सापडताही अख्खा तांडा चोर! कुठं दरोडा पडला की रात्री आधी कुणाच्या पालावर गाडी जाते, हे मी तुम्हाला सांगायला हवं का? सुप्रीम कोर्टानं ऑक्टोबर २०२४मध्ये पोलिसांना बजावलं, की विमुक्त जमातीतल्या, म्हणजे १८७१च्या त्या कायद्यातून सुटलेल्या पारध्यांसारख्या जमातीतल्या माणसांना मनाला येईल तसं उचलायचं नाही. कायदा जाऊन बहात्तर वर्षं झाल्यावर हे कोर्टाला सांगावं लागतं, लाज वाटते मला.

पोरांवर तरी किती चिडू? त्यांनी हे घरी ओट्यावर ऐकलंय. "झोपा, नाहीतर पारधी येईल," म्हणून तुम्हाला-मला नाही का निजवलं? माझी आजी फार मायेची बाई होती, तीसुद्धा म्हणायची.

मी त्याला म्हटलं, "दप्तर बंद कर बाळा." मग वर्गाला सांगितलं, कुणाचंच दप्तर उघडणार नाही. पैसे कुणाला सापडले तर माझ्या टेबलाच्या खणात ठेवा, कोण ते मी विचारणार नाही. त्यानं चेन लावली, पण बसला नाही. तास संपेपर्यंत उभाच होता. दोनदा म्हटलं, बस रे. मान हलवायचा, पण उभाच. तितराचं पीस उचलणारा तो दुसरा पोरगा सारखा डोळ्यांपुढे येत होता. मला फळ्यावर नीट लिहिता येईना.

खण शाळा सुटेपर्यंत रिकामाच होता. त्या मुलीचे सहलीचे पैसे मी भरले, तो प्रश्न नाही.

उद्या पहिला तास माझाच आहे. मी अर्धा तास आधी जाऊन फाटकाशी उभी राहणार आहे. वस्तीवरची पोरं सव्वाआठच्या एसटीनं येतात.