साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहिल्यावर

परवा साताऱ्यात आम्हा कायद्याच्या विद्यार्थ्यांची मॉक ट्रायलची, म्हणजे लुटुपुटीचा खटला चालवायची, स्पर्धा झाली. आमच्या टीममध्ये वकील व्हायला सगळे तयार, साक्षीदार व्हायला कुणीच नाही, कारण त्या भूमिकेला गुणच नव्हते. शेवटी मी उभी राहिले. केस बांधावरच्या मारामारीची, आणि मी शेजारच्या रानात ऊस खुरपणारी बाई.

सरतपास, म्हणजे आमच्याच वकिलाचे प्रश्न, सुरळीत झाला. मग समोरच्या वकिलाचा उलटतपास.

"किती वाजले होते?"
"दिवस मावळायला आला होता. वैरणीचा भारा बांधून झाला होता."
"म्हणजे नक्की वेळ सांगता येणार नाही?"
"नाही."

मी कोरेगाव तालुक्यातली. आमच्याकडे वेळ अशीच सांगतात आणि ती चुकत नाही. पण त्या एका "नाही"नं मी खोटारडी ठरले. पुढचा प्रश्न होता, "शाळेत गेला होतात का कधी?" सभागृह हसलं. अपमान करण्यासाठीच विचारलेला प्रश्न न्यायालयानं रोखायचा असतो, साक्ष अधिनियमाचं कलम १५५ तेच सांगतं. परीक्षकांनी रोखला नाही.

मग मी साक्षीत सांगितलेली कुऱ्हाड आली. पोलीस जबाबात तिचा उल्लेख का नाही? माझ्या तोंडून आपोआप तेच उत्तर निघालं, जे आपल्या जिल्हा न्यायालयात रोज ऐकू येतं: "मी सांगितलं होतं. जबाबात का लिहिलं नाही ते मला सांगता येणार नाही."

हे वाक्य मला आजवर पळवाट वाटायचं. पण नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या, कलम १८० खालचा जबाब लिहितात पोलीस, आणि कलम १८१ प्रमाणे त्यावर साक्षीदाराची सही घ्यायची नसते. जे त्या बाईनं लिहिलं नाही, ज्यावर तिची सही नाही, त्यातून गळलेल्या शब्दाचा जाब काही वर्षांनी तिनं द्यायचा! कुऱ्हाडीसारखी मोठी गोष्ट सुटली तर विचारलंच पाहिजे, हे मान्य. उलटतपास हा आरोपीचा हक्क आहे आणि खोटा साक्षीदार त्याशिवाय उघडा पडत नाही. मला राग आहे तो साक्षीदार गप्प झाला की गुण मिळतात याचा. ती गप्प का झाली, हे कुणी विचारतच नाही.

बार कौन्सिलच्या कायद्याच्या अभ्यासक्रमात तीन मूट कोर्ट, म्हणजे वकिलीच्या युक्तिवादाचे सराव, आहेत, दोन खटले बसून पाहणं आहे. साक्षीदार म्हणून एकदा उभं राहणं कुठेच नाही. ते सक्तीचं करा आणि त्याला वकिलाइतकेच गुण द्या, असं मी आमच्या सरांना लेखी दिलंय.

पुढच्या महिन्यात मी वकील म्हणून उभी राहणार आहे. समोर शेतातली बाई असेल तर "किती वाजले होते" विचारणार नाही. धारा काढायच्या आधी की नंतर, असं विचारेन.