टो-बॉलला पट्टा अडकवू नका

'बॉल अख्खी ट्रॉली ओढतो, मग रुतलेली गाडी का नाही?' असा मेसेज जळगाव-धुळ्याकडच्या ग्रुपांवर फिरतोय. बॉल म्हणजे ट्रॉली जोडायला गाडीच्या मागे बसवलेला लोखंडी गोळा; रुतलेली गाडी ओढायचा पट्टा त्यालाच अडकवा, असं मेसेजचं म्हणणं. तो चुकीचा आहे, आणि जीवघेणाही. ट्रॉली चाकांवर सरकते. केळीच्या बागेतल्या काळ्या चिखलात एक्सलपर्यंत बसलेली गाडी सरकत नाही, तिला चिखलच धरून ठेवतो. वर लवचिक पट्ट्याचा हिसका साध्या ओढीच्या कितीतरी पट. बॉल मानेपाशी तुटतो आणि तो लोखंडी गोळा पट्ट्यासकट समोरच्या काचेत घुसतो.

बंपरमध्ये फिरवून बसवायचा हूक रस्त्यावर सावकाश ओढण्यापुरता. खालच्या पातळ कड्या तर गाडी ट्रकवर बांधायला असतात.

मागे थेट चेसिसला बोल्टांनी बसवलेला, भारक्षमता कोरलेला हूकच वापरा. हिचचा (ट्रॉली जोडायच्या जोडणीचा) चौकोनी पाइप चेसिसला बसवलेला असेल (बंपरच्या पत्र्याला नव्हे!) तर बॉलची पट्टी काढून त्यात शॅकल-ब्लॉक (शॅकल अडकवायचा ठोकळा) घाला. बो-शॅकल (पिनने बंद होणारी धनुष्याकृती कडी) ४.७५ टनी, पिन पूर्ण आवळून पाव फेरा सैल. गॅरेजात वेल्डिंग केलेला हूक नको, रंगाखाली कच्चा सांधा दिसत नाही. बघ्यांना पट्ट्याच्या लांबीच्या दीडपट अंतरावर पिटाळा.