पुढे काही झालेलं नसतं

संध्याकाळी घराकडे निघालेल्या गाड्यांच्या रांगेत प्रत्येकाची एका गोष्टीवर गाढ श्रद्धा असते: पुढे काहीतरी झालंय. अपघात झालाय, ट्रक बंद पडलाय, रस्ता खोदलाय, कुणा बड्या माणसाचा ताफा जातोय. कारण सापडलं की रागाला बसायला जागा मिळते. मग पाऊण तासाने रांग एकदम सुटते, आपण मान लांब करून दोन्ही बाजूंना बघतो आणि तिथे काहीच नसतं. फुटलेली काच नाही, पोलीस नाही, खड्डासुद्धा नाही. निदान एखादा उलटलेला टेम्पो तरी हवा होता, असा विचार मनात येतो आणि सभ्य माणूस स्वतःलाच दचकतो.

या काहीच नसण्याचा छडा जपानमध्ये लागला. युकी सुगियामा हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. २३० मीटर परिघाचा गोल रस्ता, त्यावर २२ गाड्या आणि चालकांना सूचना अशी की ताशी ३० किलोमीटरच्या आसपास चालवा, आपटू नका. सिग्नल नाही, चौक नाही, रस्ता ओलांडणारं कुणी नाही. तरी थोड्याच वेळात तिथे कोंडी झाली. एकाने पाय जरासा टेकवला, त्याच्या मागच्याने जरा जोरात, त्याच्या मागच्याने अजून जोरात, आणि काही गाड्यांनंतर एक जण चक्क उभा राहिला. उभ्या गाड्यांचा हा गठ्ठा मग ताशी साधारण २० किलोमीटर वेगाने उलटा, मागे मागे सरकत राहिला. खऱ्या रस्त्यावरही हेच होतं. ब्रेक लावणारा घरी पोचून चपला काढून बसलेला असतो आणि त्याचा ब्रेक अजून रस्त्यावर कुणाला तरी थांबवत असतो.

हे एकदा पटलं की कोंडीत आपल्या हाती काय आहे, ते कळतं. फार काही नाही. आपल्या बंपरपासून पुढच्या गाडीपर्यंतची जागा, एवढीच आपली जहागीर.

ती सांभाळायची रीत अशी. गाडी उभी असताना पुढच्या गाडीची मागची चाकं रस्त्याला टेकलेली दिसली पाहिजेत आणि चाकाखाली थोडा रस्ताही दिसला पाहिजे. एवढं अंतर असलं, की पुढची गाडी बंद पडली तरी रिव्हर्स न टाकता बाजूने निघता येतं, आणि चढावर ती हातभर मागे घसरली तरी आपले दिवे शाबूत राहतात. रांग सरकायला लागली की लगेच झेपावायचं नाही. पुढच्याला दोन-तीन गाड्यांइतका जाऊ द्यायचा आणि मग पहिल्या गिअरमध्ये, अ‍ॅक्सिलरेटरला हात न लावता, म्हणजे पाय न लावता, सोडून द्यायची. इंजिन स्वतःच्या बळावर माणसाच्या भरभर चालण्याइतक्या वेगाने गाडी ओढतं. पुढचा धावतो, थांबतो, धावतो, थांबतो. आपण त्याच्या धावण्या-थांबण्याची सरासरी काढत शांतपणे येतो. जमलं तर तो पुन्हा निघतो तेव्हा आपण नुकते पोचत असतो. ब्रेकचा दिवा लागलाच नाही, म्हणून मागच्यालाही थांबावं लागत नाही. त्याबद्दल तो आभार मानत नाही. तो हॉर्न वाजवतो.

कारण समोर रिकामी जागा दिसणं माणसाला सोसत नाही. पोचणार तर आपण त्याच वेळी, पण पाच मीटर पुढे जाऊन उभं राहिलं की काहीतरी केल्यासारखं वाटतं. शिवाय त्या जागेत शेजारच्या लेनमधून कुणीतरी घुसतो आणि आपला जुना पिढीजात हक्क हिरावल्यासारखं रक्त तापतं. इथे थोडं गणित करावं. वाहत्या लेनमधून एका ठिकाणाहून साधारण दोन सेकंदाला एक गाडी पुढे जाते. म्हणजे घुसणाऱ्या प्रत्येकाने आपले दोन सेकंद नेले. वाटेत दहा जण घुसले तर वीस सेकंद, आणि त्यातले निम्मे पुढे पुन्हा बाहेर पडून तिसऱ्या कुणाच्या पुढ्यात शिरतात. वीस सेकंद तर आपण गाडीतून उतरताना मोबाइल शोधण्यात घालवतो. तरीही घुसणाऱ्याकडे न बघता जागा देणं मला जमतं; बघून देणं जरा जड जातं. त्यामुळे बघू नये.

आता क्लच. कोंडीत त्याच्याइतके हाल कुणाचे होत नाहीत. पेडल पूर्ण दाबलेलं असताना क्लचची तबकडी मोकळी असते, पूर्ण सोडलेलं असताना घट्ट धरलेली असते. मधल्या अवस्थेत ती घासत फिरते, तापते आणि झिजते. चढावर ब्रेक न लावता अर्ध्या क्लचवर गाडी तोलून धरणारे लोक स्वतःच्या कौशल्यावर खूश असतात. तबकडी नसते. जळका, उग्र वास आला की तो कारखान्याचा असेल, असं म्हणून काच वर करू नये. तो बहुधा आपलाच असतो. इंजिनचा आवाज चढतो पण वेग चढत नाही, किंवा पेडल जवळजवळ पूर्ण सोडल्यावरच गाडी हलते, ही तबकडी संपत आल्याची खूण. थांबल्यावर पेडल दाबून बसायची सवयही वाईट, कारण तेवढा सगळा वेळ रिलीज बेअरिंगवर, म्हणजे पेडल दाबल्यावर तबकडी मोकळी करणाऱ्या भागावर, भार असतो आणि आपल्या डाव्या गुडघ्यावरही. बेअरिंग बदलता येतं. म्हणून थांबलं की न्यूट्रल, हँडब्रेक, पाय मोकळा. ऑटोमॅटिकवाल्यांनी हा परिच्छेद गालात हसत सोडून द्यावा; त्यांना त्यांचा हप्ता पुरेसा आहे.

सिग्नलपाशी करमणुकीची सोय असते, फक्त मोजता यायला हवं. हिरवा लागल्यावर पहिल्या चार-पाच गाड्या सुस्तावलेल्या असतात, त्यात दोनेक सेकंद वाया जातात. पुढे दर दोन सेकंदाला एक गाडी रेषा ओलांडते. तीस सेकंदांच्या हिरव्यात एका लेनमधून चौदा गाड्या जातात, कुणी काहीही केलं तरी. उभी गाडी आणि तिच्यापुढची फट मिळून सात मीटर धरले तर या चौदा गाड्या होतात शंभर मीटरच्या आसपास. तेव्हा आपण सिग्नलपासून शंभर मीटरच्या आत असलो तर या खेपेला सुटणार, दोनशेच्या आत असलो तर पुढच्या. बस किंवा ट्रक असेल तर तो दोन गाड्या धरावा. अंदाज बरोबर आला की फार समाधान वाटतं आणि ते घरी कुणालाही सांगता येत नाही.

याच हिशेबाने हॉर्नचंही बघावं. हिरवा लागला म्हणून सगळी रांग एकदम हलत नाही. हलण्याची लाट दर गाडीला एखादा सेकंद घेत मागे येते. बाराव्या गाडीला निघायला बारा-पंधरा सेकंद लागणारच. आवाज मात्र सेकंदाला ३४० मीटर जातो. त्यामुळे बाराव्याचा हॉर्न पहिल्याच्या कानात वेळेवर पोचतो, तेव्हा पहिला चौक ओलांडत असतो, आणि मधले दहा जण शिव्या कुणाला द्यायच्या या संभ्रमात राहतात. तसे हे दिवेही जन्मापासूनच तापट. पहिला रस्त्यावरचा सिग्नल लंडनमध्ये पार्लमेंटसमोर १८६८ साली लागला, गॅसवर चालायचा. काही आठवड्यांतच त्याचा स्फोट होऊन तो चालवणारा पोलीस जखमी झाला.

मग शेजारच्या लेनचा प्रश्न. ती नेहमीच आपल्यापेक्षा जोरात का असते? १९९९ साली डोनाल्ड रेडेलमायर आणि रॉबर्ट टिबशिरानी या दोघा संशोधकांनी ‘नेचर’ या विज्ञानाच्या नियतकालिकात याचा उलगडा केला, आणि तो अपमानकारक आहे: नसते. दोन्ही लेन सारख्याच चालल्या तरी तसं वाटतं. आपण दहा गाड्या मागे टाकतो तेव्हा त्या दाटीने उभ्या असतात, चार क्षणांत संपतात. त्याच दहा गाड्या आपल्याला मागे टाकतात तेव्हा त्या धावत असतात, म्हणून पांगलेल्या असतात, आणि त्यांची ही वरात बराच वेळ चालते. हिशेब फिटतो, पण मागे पडण्यात घालवलेला वेळ जास्त. त्यात मागे टाकलेले आरशात विरून जातात, पुढे गेलेले मात्र नजरेसमोर बसून राहतात. खात्री करायची असेल तर शेजारच्या लेनमधली एक ठळक गाडी खूण म्हणून धरावी, टपावर शिडी बांधलेली व्हॅन वगैरे, आणि दहा मिनिटांनी ती कुठे आहे ते पाहावं. बहुतेक वेळा ती दोन गाड्या पुढे किंवा दोन गाड्या मागे असते आणि तिचा चालक आपल्याकडे बघत असतो.

लेन बदलण्यात अर्थ असतो तो इतकाच: पुढे वळणाऱ्यांची रांग तुंबलेली असेल, बसथांबा असेल किंवा बाजूचा रस्ता येऊन मिळत असेल, तर ती लेन आधीच सोडावी. बाकी मला विचाराल तर मोठ्या ट्रकच्या मागची जागा उत्तम. दिसत काही नाही हे खरं, म्हणून अंतर जास्त ठेवावं लागतं. पण ट्रकवाल्याला पुन्हा पुन्हा गिअर बदलायचा कंटाळा असतो, त्यामुळे तो एका संथ चालीत जातो आणि आपल्यालाही नेतो.

दोन लेनची एक होते तिथे माणसाचा स्वभाव पूर्ण उघडा पडतो. सज्जन लोक अर्धा किलोमीटर आधीच एका लेनमध्ये जाऊन उभे राहतात, आणि मोकळ्या लेनमधून शेवटपर्यंत जाणाऱ्याला चोर समजतात. कोंडी असेल तर चोराचंच बरोबर आहे. दोन्ही लेन शेवटपर्यंत भरायच्या आणि तोंडाशी एक याची, एक त्याची, अशा गाड्या सोडायच्या. यात रांगेची लांबी जवळपास निम्मी होते आणि मागचा चौक मोकळा राहतो. जर्मनीत हा थेट वाहतुकीचा नियमच आहे. नियम नसेल तिथे शेवटपर्यंत जायला धाडस लागतं, कारण तोंडाशी एखादा सज्जन बंपर चिकटवून, समोर नजर लावून, न्यायाची बाजू लढवत बसलेला असतो.

किती वाजता निघावं, यावर सगळ्यांची मतं ठाम असतात. एक सोपं उदाहरण घेऊ. एका पुलावरून मिनिटाला ३० गाड्या जाऊ शकतात. संध्याकाळी अर्धा तास मिनिटाला ४० येतात, नंतर २०. अर्ध्या तासाच्या शेवटी ३०० गाड्या तुंबलेल्या, म्हणजे दहा मिनिटं थांबणं. गर्दी ओसरल्यावरही ही रांग संपायला आणखी अर्धा तास जातो. ‘सहानंतर ट्रॅफिक नसतं’ म्हणणारे लोक याच अर्ध्या तासात सापडतात. गर्दीच्या अर्ध्या तासाच्या शेवटी निघण्याऐवजी रांग पूर्ण संपेपर्यंत कामावरच बसून राहिलं तर दहा मिनिटांची कोंडी वाचते आणि घरी वीस मिनिटं उशिरा पोचता येतं. अर्धा तास लवकर निघालं तर मात्र चाळीस मिनिटं आधी पोचता येतं. हे गणित साहेबांना समजावून सांगायचं कसं, यावर अजून कुणी प्रयोग प्रसिद्ध केलेला नाही.

निघण्यापूर्वीचं एक काम कुठल्याही मार्गदर्शनात लिहिलेलं नसतं, पण ते टाळून कोंडीत शिरलेल्या माणसाला वरचं सगळं शास्त्र निरुपयोगी आहे. स्वच्छतागृहात जाऊन यावं. जायचं नसलं तरी जावं.

गाडीत बसल्यावर एसीचं हवा आतल्या आत फिरवणारं बटण दाबावं, नाहीतर पुढच्याचा धूर थेट आपल्या नाकात येतो. पण तासभर तसंच ठेवलं तर आतली हवा शिळी होऊन जांभया सुरू होतात. जरा मोकळा भाग आला की दोन मिनिटं बाहेरची हवा घ्यावी. गाडी वेगात असताना रेडिएटरला वारा मिळतो, कोंडीत सगळी भिस्त पंख्यावर. तापमानाचा काटा वर चढू लागला तर आधी एसी बंद. तरी चढला तर काचा उघडून हीटर पूर्ण चालू करावा. हीटर इंजिनचीच उष्णता घेतो, त्यामुळे इंजिन निवतं आणि आपण शिजतो. तेवढ्यानेही काटा उतरला नाही तर गाडी बाजूला घेऊन बंद करावी आणि रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नये. आत दाबाखालचं उकळतं पाणी असतं, ते थेट तोंडावर येतं.

उभ्या गाडीचं इंजिन तासाला साधारण अर्धा ते एक लिटर इंधन पितं, एक इंचही न हलता. लांबचा लाल असेल तर बंद करावं. दहा सेकंदांहून जास्त थांबायचं असेल तर पुन्हा सुरू करण्यापेक्षा चालू ठेवणंच महाग पडतं. रांग सारखी सरकत असेल तिथे मात्र हा उद्योग करू नये. बॅटरी दमते, आणि नेमकं निघायच्या वेळी गाडी सुरू झाली नाही तर मागच्या तीनशे जणांची ‘पुढे काहीतरी झालंय’ ही श्रद्धा प्रथमच खरी ठरते.

घरी फोन करून ‘दहा मिनिटांत पोचतो’ असं सांगू नये. नकाशाच्या अ‍ॅपने दहा मिनिटं दाखवली असतील, पण ती आत्ताच्या रांगेवरून काढलेली असतात, आणि तेच अ‍ॅप त्याच क्षणी आणखी शेकडो लोकांना तीच ‘मोकळी’ गल्ली सुचवत असतं. गल्लीच्या तोंडाशी सगळ्यांची गाठ पडते. ‘निघालोय’ एवढंच सांगावं. ते कधीच खोटं ठरत नाही.