भाकर, कडुनिंब आणि ‘आखडलेले जबडे’: त्या मेसेजमधलं खरं किती?

विदर्भातल्या गावांत एक मेसेज फिरतो आहे: ‘आजोबा ज्वारीची भाकर खायचे, कडुनिंबाच्या काडीनं दात घासायचे, म्हणून त्यांचे दात किडत नव्हते. आपण मऊ खाऊ लागलो आणि दोन पिढ्यांत उत्क्रांतीनं जबडे आखडले. लेकरांची पेस्ट बंद करा, काडी द्या. दात सरळ येतील, पिवळेपणा जाईल.’

दोन पिढ्यांत जनुकं अशी बदलत नाहीत. बदलते ती हाडाची वाढ. दाताचा आकार बराचसा जनुकं ठरवतात आणि दात एकदा घडला की वाढत नाही. जबड्याचं हाड मात्र वाढत्या वयात चावण्याच्या जोरानंही वाढतं. खाणं मऊ असेल तर हाड कमी वाढतं, दात तेवढेच राहतात, मग एकावर एक चढतात. अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ रॉबर्ट कोरुचिनी यांनी १९८०च्या दशकात चंदीगड भागातली पंजाबी मुलं तपासली, तेव्हा जाडंभरडं खाणाऱ्या खेड्यातल्या मुलांचे दात शहरातल्यांपेक्षा नीट जुळलेले दिसले.

म्हणजे खाण्याचा मुद्दा अर्धा खरा. पण वरणात कुस्करलेली भाकर चावावीच लागत नाही. गाजर, पेरूच्या फोडी द्या. फुटाणे पाच वर्षांनंतरच, आधी घशात अडकतात. आणि बाराव्या वर्षी वाकडे दिसणारे दात भाकरीनं सरळ होत नाहीत. पुष्कळदा दुधाची दाढ किडून लवकर पडलेली असते. मागची दाढ पुढे सरकते आणि खालून येणाऱ्या दाताची जागा जाते.

‘किडत नव्हते’ हेही खोटं. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांच्या दातांतही कीड सापडली आहे.

पिवळेपणाचं कारण आपल्याकडे अनेकदा बोअरचं पाणी असतं. यवतमाळ, चंद्रपूरच्या काही गावांत त्यात फ्लोराइड लिटरला १.५ मिलिग्रॅम या मर्यादेच्या वर जातं. हे डाग साधारण आठ वर्षांच्या आत, दात हिरडीखाली घडत असतानाच पडतात. काडीनं ते जात नाहीत. राखुंडीनं तर दातच झिजतो. पाणी उकळू नका, फ्लोराइड आणखी दाट होतं. तपासणी करून दुसरा स्रोत शोधा.

‘पेस्ट बंद करा’ हा सगळ्यांत घातक सल्ला. दोन दाढांमधल्या फटीत काडी पोचत नाही, आणि किडीला अडवणारं फ्लोराइड पेस्टमधून दाताला बाहेरून मिळतं. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे वाटाण्याएवढी पेस्ट पुरे; थुंकायला शिकवा. पाण्यातच फ्लोराइड जास्त असेल तर सहा वर्षांच्या आतल्यांसाठी आधी दंतवैद्याला विचारा.

जबडा खरोखर आखडतो तो खर्र्यानं, म्हणजे सुपारी-तंबाखूच्या मिश्रणानं. सुपारीमुळे गालाच्या आतली कातडी ताठ, पांढरी होते, तिखट झोंबू लागतं. समोरच्या दातांमध्ये स्वतःची तीन बोटं उभी जात नसतील, तर खर्रा त्याच दिवशी सोडा आणि जिल्हा रुग्णालयातल्या दंत विभागात तोंड दाखवा.